ब्यान (आयरिश नाम)

ब्यान हे आयरिश भाषेतील ‘स्त्री’ या अर्थाचे नाम आहे. ‘पत्नी’ हाही त्याचा रूढ अर्थ आहे. रोमन लिपीत ते बी, ई, ए, एन या चार अक्षरांनी लिहिले जाते. घेवडा किंवा शेंगवर्गीय दाणा या अर्थाचा इंग्रजी शब्द याच अक्षरांनी लिहिला जात असला, तरी दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ब्यान हे स्त्रीलिंगी नाम असून त्याची रूपे आयरिशच्या कोणत्याही नियमित रूपावलीत बसत नाहीत. एकवचनी मूळ रूप ‘ब्यान’, अनेकवचन ‘म्ना’ आणि अनेकवचनी षष्ठी ‘बान’ अशी त्याची तीन प्रमुख रूपे आहेत. वरकरणी ही रूपे वेगवेगळ्या शब्दांची वाटतात. मात्र ती एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दापासून नियमित ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध झाली आहेत. संस्कृतातील ‘जनि’ आणि ‘ग्ना’, फारसीतील ‘झन’, ग्रीक ‘ग्युने’ आणि इंग्रजी ‘क्वीन’ हे शब्द त्याचे सगोत्र होत.

उच्चार व लेखन

आयरिश भाषेत प्रत्येक व्यंजनाचे ‘रुंद’ आणि ‘अरुंद’ असे दोन प्रकार असतात. अरुंद व्यंजन उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते, त्यामुळे त्यात ‘य’काराची छटा येते. व्यंजन कोणत्या प्रकारचे आहे, हे लेखनात शेजारच्या स्वरांवरून दाखवतात. ब्यान या शब्दातील ‘ई’ हे अक्षर स्वतंत्रपणे उच्चारले जात नाही. आधीचा ‘ब’ अरुंद आहे, एवढेच ते सांगते. अनेकवचनी षष्ठीत हे अक्षर गळते व ‘ब’ रुंद होतो. म्हणून एकवचन ‘ब्यान’ आणि अनेकवचनी षष्ठी ‘बान’ यांच्या उच्चारातील भेद प्रामुख्याने ‘ब’ या व्यंजनाचा आहे. दोन्ही रूपांतील स्वर मराठी ‘आ’च्या जवळचा, परंतु ऱ्हस्व आहे. ‘म्ना’मधील स्वर मात्र दीर्घ असून लेखनात त्यावर तिरकी रेघ देतात.

‘म्ना’ हे रूप दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात लिहिल्याप्रमाणे उच्चारले जाते. पश्चिमेकडील कॉनाक्ट आणि उत्तरेकडील अल्स्टर येथे व्यंजनानंतरच्या ‘न’चा ‘र’ होण्याची प्रवृत्ती असल्याने तेथे ‘म्रा’ असे ऐकू येते. टेकडी या अर्थाचा ‘क्नॉक’ हा शब्दही त्या भागांत ‘क्रॉक’ असा उच्चारला जातो. लेखनात हा भेद दाखवत नाहीत.

अर्थ

ब्यानचा मूळ व व्यापक अर्थ प्रौढ स्त्री असा आहे. स्वामित्वदर्शक सर्वनाम लागल्यावर तो बहुधा ‘पत्नी’ असा होतो. ‘मो व्यान’ म्हणजे ‘माझी बायको’. संदिग्धता टाळायची असल्यास ‘ब्यान खेले’, म्हणजे ‘सहचारिणी स्त्री’, असा जोडशब्द वापरतात. प्राचीन आयरिश ग्रंथांतही हे दोन्ही अर्थ आढळतात. मराठीतही अशीच स्थिती आहे: ‘बायको’ म्हणजे पत्नी, परंतु ‘बायका’ म्हणजे सर्वसाधारण स्त्रिया.

मुलगी या अर्थी ‘कालीन’ हा वेगळा शब्द आहे. तो व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी आहे, कारण लघुत्वदर्शक ‘-ईन’ प्रत्यय लागलेली अशी नामे सामान्यतः पुल्लिंगी मानली जातात. मात्र मुलीविषयी बोलताना सर्वनाम ‘शी’ (ती) हेच वापरले जाते. प्राचीन आयरिशमध्ये स्त्री या अर्थाचे ‘बे’ असे एक नपुंसकलिंगी नामही होते. आधुनिक भाषेत ‘बे’ हा शब्द काव्यात सुंदरी किंवा काव्यदेवता या अर्थाने उरला आहे. शब्दाचे लिंग आणि व्यक्तीचे लिंग यांतील ही तफावत संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे. पत्नी याच अर्थाचे ‘दार’ हे नाम संस्कृतात पुल्लिंगी व नित्य अनेकवचनी, तर ‘कलत्र’ हे नपुंसकलिंगी आहे.

व्युत्पत्ती

ब्यानचे प्राचीन आयरिश रूप ‘बेन’ असे होते. प्राचीन आयरिश हे नाव साधारणतः इसवी सनाच्या सातव्या ते नवव्या शतकांतील भाषेला दिले जाते. ‘बेन’च्या मागे आदिकेल्टिक ‘बेना’ आणि त्याही मागे ‘ग्वेन’ या धर्तीचा आदि-इंडो-युरोपीय शब्द मानला जातो. या शब्दाच्या आरंभी ‘ग’ आणि ‘व’ यांचा एकजीव उच्चार असलेला, ओठ गोल करून काढायचा ध्वनी होता. केल्टिक भाषांमध्ये या ध्वनीचा नियमाने ‘ब’ झाला. संस्कृतात त्याच्यातील ओष्ठ्य अंश लोपला आणि ‘ग’ उरला. पुढे मूळचा ‘ए’ किंवा ‘इ’ असल्यास त्या ‘ग’चाही ‘ज’ झाला. जर्मानिक भाषांमध्ये त्याचे ‘क्व’ किंवा ‘क’ झाले. हा नियम पुढील तीन शब्दांवरून स्पष्ट होतो.

| अर्थ | आयरिश | संस्कृत | इंग्रजी सगोत्र |
|---|---|---|---|
| गाय | बो | गो | काऊ |
| जिवंत | ब्यो | जीव | क्विक (मूळ अर्थ ‘जिवंत’) |
| स्त्री | ब्यान | जनि, ग्ना | क्वीन (मूळ अर्थ ‘स्त्री’) |

संस्कृत ‘जनि’ हा शब्द ‘जन्’ (जन्म देणे) या धातूपासून आला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. स्त्री म्हणजे जन्म देणारी, हा अर्थही जुळतो. परंतु तुलनात्मक भाषाशास्त्रानुसार हे दोन शब्द मुळात भिन्न आहेत. ‘जन्’ धातूच्या आरंभीचा मूळ ध्वनी टाळूकडे उच्चारला जाणारा साधा ‘ग’ होता, ओष्ठ्य छटेचा नव्हता. संस्कृतात दोन्ही ध्वनींचा ‘ज’ झाल्याने हा भेद पुसला गेला. आयरिशमध्ये तो टिकून आहे: ‘जन्’चा सगोत्र धातू तेथे ‘गिन’ (गर्भधारणा होणे, उत्पन्न करणे) असा ‘ग’ने सुरू होतो, तर स्त्रीवाचक शब्द ‘ब’ने सुरू होतो. एका भाषेत एकरूप झालेले शब्द दुसरी भाषा कशी वेगळे करून दाखवते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्राचीन आयरिश ‘बेन’ आणि गुजरातीतील ‘बेन’ (बहीण) यांचे साम्यही केवळ योगायोगाचे आहे. गुजराती शब्द संस्कृत ‘भगिनी’पासून आला आहे.

सगोत्र शब्द

केल्टिक कुळातील स्कॉटिश गेलिकमध्ये ‘ब्यान’ व मांक्स भाषेत ‘बेन’ ही रूपे आहेत. ब्रिटनमधील केल्टिक भाषांपैकी वेल्शमध्ये ‘बेन्यू’ आणि कॉर्निशमध्ये ‘बेनिन’ हे शब्द याच मुळाचे आहेत. प्राचीन गॉलमधील (आजचा फ्रान्स) गॉलिश भाषेचाही पुरावा उपलब्ध आहे. दक्षिण फ्रान्समधील लार्झाक येथे १९८३ साली एका स्त्रीच्या दफनस्थळी शिशाचा कोरीव लेख सापडला. गॉलिश भाषेतील दीर्घ लेखांमध्ये त्याची गणना होते. जादूटोण्याशी संबंधित असलेल्या या लेखात अनेक स्त्रियांची नावे असून त्यात ‘ब्नानोम’ म्हणजे ‘स्त्रियांचा’ हे अनेकवचनी षष्ठीचे रूप येते.

केल्टिकबाहेर ग्रीक ‘ग्युने’ (आणि बिओशिया प्रदेशाच्या बोलीतील ‘बाना’), रशियन ‘झेना’, पोलिश ‘झोना’, आर्मेनियन ‘किन’, स्वीडिश ‘क्विन्ना’ हे शब्द याच कुळातील आहेत. वैद्यकशास्त्रातील ‘गायनॅकॉलॉजी’ ही संज्ञा ग्रीक शब्दावरून बनली आहे.

मराठीत हे मूळ प्रामुख्याने फारसीच्या मार्गाने आले आहे. फारसी ‘झन’ म्हणजे स्त्री. त्याचे अनेकवचन ‘झनान’. त्यावरून ‘जनाना’, ‘जनानी’ आणि ‘जनानखाना’ हे शब्द मराठीत रूढ झाले. म्हणजेच ‘जनानखाना’ या शब्दाचा पूर्वार्ध आणि आयरिश ‘ब्यान’ हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत.

रूपांमधील भेदाचे कारण

‘ब्यान’, ‘म्ना’ आणि ‘बान’ ही रूपे एकमेकांपासून इतकी दूर गेली, याचे मूळ इंडो-युरोपीय भाषेच्या स्वरव्यवस्थेत आहे. त्या भाषेत काही नामांच्या अंगातील स्वर विभक्तीनुसार राहत असे किंवा लोपत असे. संस्कृतात ‘राजन्’ची षष्ठी ‘राज्ञः’ अशी होते. म्हणजे ‘न’च्या आधीचा ‘अ’ लोपतो व ‘ज’ आणि ‘न’ एकमेकांना भिडतात. ब्यानच्या पूर्वजाचेही असेच घडले. प्रथमेत स्वर टिकल्याने ‘बेना’ हे रूप झाले. षष्ठीत स्वर लोपल्याने ‘ब’ आणि ‘न’ जोडले जाऊन ‘ब्नास्’ हे रूप तयार झाले. पुढे ‘न’च्या सान्निध्यामुळे ‘ब’ अनुनासिक होऊन त्याचा ‘म’ झाला आणि अंत्य ‘स्’ गळला; अशा रीतीने ‘म्ना’ हे रूप सिद्ध झाले.

या षष्ठी रूपाचे संस्कृतातील प्रतिबिंब लक्षणीय आहे. ऋग्वेदात देवस्त्रियांसाठी ‘ग्ना’ हा शब्द येतो आणि त्यावरून ‘ग्नास्पति’ म्हणजे ‘देवस्त्रियांचा किंवा स्त्रीचा पती’ असा समासही आढळतो. या समासातील ‘ग्नास्’ हे जुन्या षष्ठीचे रूप मानले जाते. नियमित संस्कृतात असे षष्ठीचे रूप उरलेले नाही. ते या समासात गोठून राहिले. आयरिशमध्ये मात्र त्याच रूपाचा वंशज ‘म्ना’ आजही दैनंदिन वापरात आहे.

अनेकवचनी षष्ठीत ‘न’च्या आधी नवा ‘अ’ उत्पन्न होऊन ‘बानोम’सारखे रूप बनले व शेवटचा प्रत्यय गळून ‘बान’ उरले. या प्रत्ययाचे संस्कृतातील प्रतिरूप ‘-आम्’ (देवानाम्, राज्ञाम्) हे होय.

रूपावली

आधुनिक प्रमाण आयरिशमधील रूपे पुढीलप्रमाणे आहेत. कंसात निश्चित उपपद लावलेली रूपे दिली आहेत.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| प्रथमा व द्वितीया | ब्यान (अन व्यान) | म्ना (न म्ना) |
| षष्ठी | म्ना (न म्ना) | बान (न मान) |
| शब्दयोगी अव्ययासह | ब्यान (एग अन म्यान) | म्ना (एग न म्ना) |
| संबोधन | अ व्यान | अ व्ना |

शब्दयोगी अव्ययानंतर पूर्वी एकवचनात ‘म्नी’ आणि अनेकवचनात ‘म्नाव’ ही स्वतंत्र रूपे वापरली जात. आज ती जुन्या साहित्यात आणि ठरावीक वाक्प्रचारांत आढळतात. प्राचीन आयरिशमध्ये द्विवचनही होते आणि त्यात या शब्दाचे वेगळे रूप होत असे.

एकवचनी षष्ठी आणि अनेकवचनी प्रथमा ही दोन्ही रूपे ‘म्ना’ अशीच असल्याने अर्थ वाक्यरचनेवरून ठरवावा लागतो. ‘हाता न म्ना’ म्हणजे ‘त्या बाईची टोपी’. परंतु वाक्याच्या कर्तृस्थानी ‘न म्ना’ आल्यास त्याचा अर्थ ‘त्या बायका’ असा होतो. ‘त्या बायकांच्या टोप्या’ म्हणायचे असल्यास ‘हाती न मान’ असे म्हणतात.

पुरुष या अर्थाच्या ‘फ्यार’ या नामातही हीच जुळणी दिसते. त्याची एकवचनी षष्ठी आणि अनेकवचनी प्रथमा ही दोन्ही ‘फिर’ अशी आहेत. ‘फ्यार’ हा शब्द संस्कृत ‘वीर’ आणि लॅटिन ‘विर’ यांचा सगोत्र आहे.

आरंभीच्या व्यंजनातील बदल

आयरिशमध्ये शब्दाचे पहिले व्यंजन व्याकरणिक संदर्भानुसार बदलते. असे दोन प्रमुख बदल आहेत. पहिल्याला ‘शेव्यू’ म्हणजे मृदूकरण म्हणतात. त्यात ‘ब’चा ‘व’ होतो. लेखनात ‘बी’नंतर ‘एच’ जोडून तो दाखवतात. दुसऱ्याला ‘उरू’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘ग्रहण’ असा आहे. सूर्य झाकला जावा त्याप्रमाणे मूळ व्यंजन नव्या व्यंजनाने झाकले जाते. ‘ब’च्या जागी ‘म’ उच्चारला जातो. लेखनात मात्र ‘बी’ कायम ठेवून त्याआधी ‘एम’ लिहितात, त्यामुळे मूळ शब्द ओळखता येतो. विशेषनामात हा ‘एम’ लहान आणि त्यानंतरचा ‘बी’ मोठा लिहितात.

हे बदल लहरी वाटले तरी त्यांना ऐतिहासिक कारण आहे. उपपदाचे स्त्रीलिंगी एकवचनी प्राचीन रूप स्वरान्त होते. पुढच्या शब्दातील ‘ब’ दोन स्वरांमध्ये सापडल्याने मऊ झाला आणि ‘अन व्यान’ हे रूप आले. अनेकवचनी षष्ठीचे उपपद अनुनासिकान्त होते. त्या अनुनासिकाचा परिणाम पुढील ‘ब’वर होऊन ‘न मान’ तयार झाले. एकवचनी षष्ठीचे उपपद ‘स्’कारान्त होते, म्हणून ‘न म्ना’मध्ये पहिले व्यंजन अबाधित राहिले. उपपदाचे मूळ प्रत्यय कालौघात नष्ट झाले. पुढच्या शब्दावर उमटलेली त्यांची खूण तेवढी शिल्लक राहिली.

शब्दयोगी अव्यय व उपपद एकत्र आल्यावर कोणता बदल करावा, याबाबत बोलीभेद आहे. दक्षिणेत व पश्चिमेत ‘लेश अन म्यान’ (त्या बाईबरोबर) असे ‘उरू’युक्त रूप वापरतात, तर अल्स्टरमध्ये येथे मृदूकरण होऊन ‘व्यान’ असे म्हणतात.

विशेषण व संख्यावाचके

विशेषण नामानंतर येते आणि स्त्रीलिंगी एकवचनी नामानंतर त्याच्या आद्य व्यंजनाचे मृदूकरण होते. मोठा या अर्थाचे विशेषण ‘मोर’ आहे. ‘मोठी बाई’ म्हणजे ‘ब्यान वोर’. अनेकवचनात ‘म्ना मोरा’ असे विशेषणालाही अनेकवचनी प्रत्यय लागतो. अनेकवचनी षष्ठीत मात्र ‘बान मोर’ असे प्रत्ययरहित विशेषण येते.

माणसे मोजण्यासाठी आयरिशमध्ये वेगळी संख्यावाचक नामे आहेत आणि त्यांच्यानंतर अनेकवचनी षष्ठी वापरतात. ‘दोन स्त्रिया’ म्हणजे ‘बेर्त वान’, ‘तीन स्त्रिया’ म्हणजे ‘त्रूर बान’. मराठीत ‘दोघी’, ‘तिघी’ ही रूपे केवळ व्यक्तींसाठी वापरतात, त्याच्याशी या रचनेची तुलना करता येईल.

समास व साधित शब्द

‘बान’ हा अंश शब्दाच्या आरंभी जोडून स्त्रीवाचक नामे बनवतात. ‘बानडिआ’ म्हणजे देवी. यातील ‘डिआ’ (देव) संस्कृत ‘देव’चा सगोत्र आहे. ‘बानरीअन’ म्हणजे राणी. त्याचा उत्तरार्ध ‘रीअन’ प्राचीन आयरिश ‘रीगन’वरून आला असून तो संस्कृत ‘राज्ञी’शी आणि पर्यायाने मराठी ‘राणी’शी सगोत्र आहे. ‘रीअन’ या शब्दाचाच अर्थ राणी असल्याने ‘बानरीअन’मध्ये स्त्रीत्व दोनदा सांगितले गेले आहे. विवाहसोहळा या अर्थाचा ‘बानिश’ हा शब्द ‘बान’ आणि ‘फेश’ (मेजवानी, रात्रीचा मुक्काम) यांच्या जुन्या समासातून झाला. ‘मादी’ किंवा ‘स्त्रीजातीय’ या अर्थाचे विशेषण ‘बान्यन’ आहे. व्याकरणातील ‘स्त्रीलिंगी’ या संज्ञेतही हाच अंश आहे.

व्यवसायनामांना हा उपसर्ग जोडण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. आयर्लंडच्या ‘गार्डा’ या पोलीस दलात १९५९ साली प्रथम स्त्रिया दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी ‘बानघार्डा’ हे पदनाम वापरले गेले. आज स्त्री व पुरुष दोघांनाही ‘गार्डा’ असेच म्हणतात. शिक्षक, अभिनेता, डॉक्टर यांसारख्या शब्दांनाही हा उपसर्ग जोडण्याऐवजी मूळ शब्द सर्वांसाठी वापरण्याकडे कल आहे.

‘ब्यान’ हा पहिला शब्द असलेल्या जोडशब्दांतून ग्रामीण आयर्लंडमधील स्त्रीजीवनाची कल्पना येते.

• ब्यान अन ती: घरधनीण. आयरिशभाषक प्रदेशात उन्हाळी भाषावर्गांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना ज्या घरी ठेवतात, त्या घरच्या यजमानीणबाईंनाही हेच नाव आहे.
• ब्यान घ्लूने: सुईण, शब्दशः ‘गुडघ्याची बाई’.
• ब्यान फ्यासा: जाणती बाई. औषधी वनस्पती व अद्भुत गोष्टींचे ज्ञान असलेली स्त्री. क्लेअर परगण्यातील बिडी अर्ली (मृत्यू १८७४) ही अशी स्त्री म्हणून प्रसिद्ध होती.
• ब्यान खीन्ते: मृताच्या घरी शोकगीत गाणारी बाई. या प्रथेला ख्रिस्ती धर्मपीठाचा दीर्घकाळ विरोध होता.
• ब्यान रीअल्ता: जोगीण; शब्दशः ‘नियमबद्ध स्त्री’.
• ब्यान शी: ‘शी’ म्हणजे अद्भुत लोकांचे वास्तव्य मानला जाणारा टेकाडवजा उंचवटा. तेथील ही स्त्री जुन्या घराण्यांतील व्यक्तीच्या मृत्यूपूर्वी रडताना ऐकू येते, अशी लोकसमजूत आहे. इंग्रजीतील ‘बॅन्शी’ हा शब्द यावरूनच आला. चित्रपट व खेळांत तिला घातकी पिशाच म्हणून दाखवतात. लोकपरंपरेत मात्र ती मृत्यूची वर्दी देणारी असून कोणाचाही जीव घेत नाही.

आडनावांतील उपयोग

आयरिश आडनावांत स्त्रीच्या वैवाहिक स्थितीनुसार फरक होतो. पुरुषाचे आडनाव ‘ओ मुरखू’ (इंग्रजीत मर्फी) असल्यास त्याच्या मुलीचे आडनाव ‘नी वुरखू’ आणि पत्नीचे ‘ब्यान ई वुरखू’ असे होते. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘ई’ ही त्याची षष्ठी. म्हणून ‘ब्यान ई वुरखू’ याचा शब्दशः अर्थ ‘मुरखूच्या वंशजाची पत्नी’ असा आहे. व्यवहारात ‘ब्यान’ वगळून केवळ ‘ई वुरखू’ असेही लिहितात. विवाहानंतर ‘नी’युक्त मूळ आडनाव कायम ठेवणाऱ्या स्त्रियाही अनेक आहेत.

स्थलनामे, सण व सार्वजनिक जीवन

टिपरेरी परगण्यातील सुमारे ७२० मीटर उंचीच्या एका डोंगराचे नाव ‘श्लीअव न मान’ म्हणजे ‘स्त्रियांचा डोंगर’ असे आहे. इंग्रजीत ते ‘स्लीव्हनामॉन’ असे लिहितात. उच्चारानुसार केलेल्या या इंग्रजी लेखनात ‘ब’ कोठेही नाही, कारण ‘उरू’मुळे तो उच्चारलाच जात नाही. फिन मॅकूल या वीराने आपल्याशी विवाह करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना या डोंगरमाथ्यापर्यंत धावण्याची शर्यत लावली, अशी आख्यायिका आहे.

६ जानेवारीला ‘नोलिग न मान’ म्हणजे ‘स्त्रियांचा नाताळ’ साजरा होतो. नाताळच्या बारा दिवसांच्या धावपळीनंतर त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करावे आणि स्त्रियांनी एकत्र जमून विश्रांती घ्यावी, अशी प्रथा विशेषतः कॉर्क व केरी परगण्यांत टिकून राहिली. अलीकडे तिचे देशभर पुनरुज्जीवन झाले आहे.

विसाव्या शतकात हा शब्द राजकीय चळवळीत आला. १९०० साली मॉड गॉन यांनी स्थापन केलेल्या राष्ट्रवादी संघटनेचे नाव ‘इनीन्या न हेरन’ म्हणजे ‘आयर्लंडच्या कन्या’ असे होते. २ एप्रिल १९१४ रोजी डब्लिन येथे स्थापन झालेल्या संघटनेने मात्र ‘कुमन न मान’ म्हणजे ‘स्त्रियांची संघटना’ हे नाव घेतले. पुढे आधीची संघटना तिच्यातच विलीन झाली. १९१६च्या ईस्टर उठावात ‘कुमन न मान’च्या सदस्यांनी निरोप पोहोचवणे, शुश्रूषा व रसद यांची जबाबदारी सांभाळली. १९९० साली मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा विजयानंतरच्या भाषणात त्यांनी ‘म्ना न हेरन’ म्हणजे ‘आयर्लंडच्या स्त्रियां’चा आयरिश शब्दांत उल्लेख केला. हेच शब्द अठराव्या शतकातील कवी पॅडर ओ डोर्निन यांच्या एका कवितेचे शीर्षक म्हणूनही परिचित आहेत. शॉन ओ रिआडा यांनी त्या कवितेला चाल दिली.

१९३७च्या आयरिश संविधानातील कलम ४१.२ मध्येही हे नाम ‘अन व्यान’ या रूपात येते. घरातील जीवनातून स्त्री राज्याला आधार देते, असे या कलमात म्हटले आहे. संविधानाच्या आयरिश व इंग्रजी पाठांत विरोध आढळल्यास आयरिश पाठ ग्राह्य धरला जातो, त्यामुळे तेथील शब्दयोजनेला कायदेशीर महत्त्व आहे. स्त्रीचे स्थान घराशी जोडणारे म्हणून या कलमावर अनेक दशके टीका झाली. ते बदलण्याचा प्रस्ताव ८ मार्च २०२४ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, सार्वमतासाठी ठेवण्यात आला. मतदारांनी तो नामंजूर केला.

‘म्ना’ आणि ‘फिर’ या पाट्या

आयर्लंडमधील सार्वजनिक स्वच्छतागृहांवर अनेक ठिकाणी केवळ आयरिश पाट्या असतात. स्त्रियांच्या दारावर ‘म्ना’ आणि पुरुषांच्या दारावर ‘फिर’ असे लिहिलेले असते. इंग्रजी जाणणारे परदेशी पाहुणे ‘एम’ या आद्याक्षरावरून ‘मेन’ आणि ‘एफ’वरून ‘फीमेल’ असा तर्क करतात व चुकीच्या दाराकडे वळतात. आयरिश न शिकलेल्यांनाही या भाषेतील हे दोन शब्द बहुधा याच अनुभवातून माहीत होतात. दोन्ही रूपे अनेकवचनी असून त्यांपैकी एक वैदिक ‘ग्ना’शी आणि दुसरे ‘वीर’शी नाते सांगते.

हे सुद्धा पाहा

• आयरिश भाषा
• केल्टिक भाषासमूह
• आदि-इंडो-युरोपीय भाषा
• बॅन्शी
• कुमन न मान
• ग्ना (वैदिक देवता)